वाघ कोणत्या बटनात

वडशाहून निघालेल्या टेम्पोत
पडदे, लाकडी सिंहासन, दयाराम कोव्यांचा ऑर्गन,
आणि माझ्या मांडीवर लॅपटॉप,
टॉवेलात गुंडाळलेला.

तिसऱ्या अंकात वाघ येतो.
स्टेजवर नाही, मोहाच्या मागे कुठेतरी.
लांजेवार सर म्हणाले, डरकाळी नको बे,
डरकाळी तर लेकरंही काढतात.
मले वाघ येन्याच्या आधीचं पायजे.

माझ्याकडे दोन सिंथ.
मोठा उघडला की पडदाभर खिडक्या,
चार ऑसिलेटर, लाटांची जाडजूड वही,
कुठल्याही खुंटीला कुठलीही दोरी बांधा,
ती तिसऱ्याच खुंटीला ओढणार.
तीनशे बारा बटनं. मोजली होती एकदा
नागभीड स्टेशनवर, गाडी लेट होती तेव्हा.
दुसरा फुकटातला.
एक ऑसिलेटर, एक फिल्टर, पाच बटनं,
रंग जुन्या मिक्सरसारखा पिवळट.

मी मोठ्याकडे गेलो. कोण जाणार नाही?
अकरा रात्री बसलो.
वाऱ्याला एक थर, पानांना दुसरा,
रातकिडे डावीकडून उजवीकडे चालवले,
श्वास वेगळा केला, श्वासावरची लाळ वेगळी,
लॅपटॉपचा पंखा वाघाहून जास्त गुरगुरला.
हेडफोनमध्ये अख्खं जंगल उभं होतं.
मैदानात चार भोंगे, एक जनरेटर, दीड हजार माणसं,
आणि आवाज आला नुसता फुस्स.
मागून कुणीतरी ओरडलं,
कुकर उतरवा वो!

चहाच्या वेळी दयारामजी,
चाळीस वर्षं पायानं हवा भरून सूर काढणारा माणूस,
माझा पडदा न्याहाळत म्हणाले,
सगळ्यात डावी पट्टी दाबून धर.
अन् कोनाले समजाच्या आत सोड.

मग तो पिवळट.
खालचा एकच सूर, फिल्टर जवळजवळ मिटलेला,
ऐकू येत नाही, तणसात बसतो,
तणसावर बसलेल्यांच्या मांड्यांत बसतो.
वैजयंता पाण्याचा गुंड उचलते,
मी बोट काढतो.
होता हे कळतं, तो गेल्यावर.
शेवटच्या रांगेनं मागे वळून पाहिलं.
एका बापानं झोपलेलं पोर
उगाच मांडीवर ओढून घेतलं.

सेव्ह करायला विसरलो.
दुसऱ्या गावी पुन्हा हातानंच शोधला,
पाच बटनांत किती दूर जाईल?
पण नेमका तोच नाही सापडला.
मग रोजच थोडा वेगळा,
एका रात्री म्हातारा,
एका रात्री नुकता खाऊन आलेला.
मोठ्या सिंथमध्ये जे केलं होतं
ते अजून जसंच्या तसं पडून आहे,
एका केसाचाही फरक नाही.

खैरीटोल्याला पोलीस पाटील आधीच भेटायला आले.
आठ दिवसांपूर्वी गवताला गेलेली बाई.
सगळं वाजवा, म्हणाले,
तेवढं नका.
तिसऱ्या अंकात माझे दोन्ही हात
टेबलाखाली, गुडघ्यांवर.
वैजयंतानं गुंड उचलला.
जनरेटर चालू होता.
त्या गावात कुणी मागे वळलं नाही.
कुणाची मानच हलली नाही.

सकाळी वायरी गुंडाळताना एक पोरगा आला,
गुणवंत, सातवीतला, नाकात सर्दी.
वाघ कोनत्या बटनात हाये?
दाखवला, आवाज बारीक करून.
एवढाच?
एवढाच.
अन् हे दुसरं?
मी मोठा उघडून दिला, म्हटलं, फिरव काय फिरवायचं ते.
त्यानं कुठली खुंटी कुठे जोडली देव जाणे,
एक आवाज आला,
ओल्या पत्र्यावरून कुणी कांबळ ओढत नेल्यासारखा,
किंवा तसाही नाही.
अकरा रात्रींत मला तो सापडला नव्हता.

टेम्पोवाला हॉर्न देत होता.
या वेळी सेव्ह केला.
नाव काय देऊ, विचारलं तर
त्यानं बाहीला नाक पुसलं
आणि एकेक अक्षर शोधत
स्वतःचंच टाइप केलं.